न भरता केलेली भरली मिरची: पावसाळ्यातलं पोटभरीचं सूप

आमचे धाकटे भावोजी मालवाहू जहाजावर भंडारी आहेत. जातीने नव्हेत, कामाने. जहाजावरच्या आचाऱ्याला खलाशांच्या बोलीत पूर्वापार भंडारी म्हणतात. वर्षातले आठ-नऊ महिने ते पाण्यावर असतात, उरलेले आमच्या मालवणच्या स्वयंपाकघरात. मागच्या आषाढात आले तेव्हा बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. जून-जुलैची मासेमारीबंदी चालू, ताज्या मासळीचं नाव नाही, आणि सुक्या बांगड्याला घरातलं प्रत्येक जण विटलेलं. भावोजींनी फ्रिज उघडला. आत पाच ढोबळ्या मिरच्या होत्या, संध्याकाळी भरून करायच्या म्हणून मी ठेवलेल्या.

"वहिनी, भरू नका," म्हणाले. "ह्यांचं सूप करूया."

मला वाटलं, मिक्सरमधून काढलेलं काहीतरी हिरवट पाणी प्यावं लागणार. पण टोपातून आलं ते वेगळंच. खिमा, भात, टोमॅटो आणि मिरची, सगळं रसात. एक वाडगा खाल्ला की रात्रीच्या जेवणाची गरज नाही. अमेरिकेत घरोघरी करतात हे. तिकडेही ढोबळी मिरची भरतात. आत खिमा, भात आणि कांदा, वरून टोमॅटोचा रस, आणि सगळं ओव्हनमध्ये. तुर्की डोल्मा, हंगेरीतली टोमॅटोच्या रसात शिजवलेली भरली मिरची, ही सगळी एकाच गोतातली. भरायची खटपट सोडून तेच जिन्नस टोपात रटरटवले की झालं सूप.

भरल्या मिरचीची एक अडचण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. बाहेरची मिरची गळून जाते तेव्हा कुठे आतलं सारण शिजतं; मिरची धड ठेवावी तर सारण कच्चट. सगळे जिन्नस एकाच पिशवीत कोंबल्यावर दुसरं काय होणार? सुपात ते सुटे होतात, म्हणून ज्याला त्याला त्याच्या वेळेला घालता येतं. भावोजींचा सगळा धडा एवढाच होता: खिमा कोरडा होईपर्यंत परता, मिरची दोनदा घाला, आणि भात टोपात घालूच नका. हे तीन जमले तर बाकी फारसं चुकत नाही.

सहा माणसांसाठी काय लागेल

अर्धा किलो खिमा
ढोबळ्या मिरच्या ५ मध्यम (साधारण ६५० ग्रॅम). मिळाल्या तर ३ हिरव्या, २ लाल
पाऊण किलो पिकलेले टोमॅटो
२ मोठे कांदे, ८-१० लसणीच्या पाकळ्या
उकडा तांदूळ १०० ग्रॅम, म्हणजे आमटीच्या वाटीने पाऊण वाटी
हाडांचा रस सव्वा लिटर
तेल २ मोठे चमचे
बेडगी किंवा काश्मिरी मिरचीचं तिखट १ चहाचा चमचा
मिरेपूड १ चहाचा चमचा
पानओव्याची ३-४ पानं
सुपारीएवढा गूळ, मीठ, वाटल्यास २ आमसुलं

मिरची निवडताना

ढोबळी मिरची आमच्या लाल मातीतलं पीक नव्हे. ती घाटावरून येते. कोल्हापूरकडची गगनबावड्याहून नाहीतर फोंडा घाटाने, बेळगावची आंबोलीने. पावसात घाटात दरड आली की दोन-दोन दिवस गाडी येत नाही आणि मग भाजीवालीकडे जे असतं ते सुरकुतलेलं. भरायला ती मिरची चालत नाही, सुपाला चालते. फक्त देठ बघून घ्यायचा. देठाभोवती काळं किंवा ओलसर असेल तर आत बुरशी असते, ती मिरची कापूनसुद्धा बघू नका, सरळ परत ठेवा. चांगली मिरची हातात जड लागते, कारण जाड सालीत पाणी असतं. फुगलेली पण हलकी म्हणजे आत नुसती हवा.

एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरत असते: खाली चार फुगे असलेली मिरची मादी, ती गोड, तीन फुग्यांची नर, ती शिजवायला. ह्यात काही तथ्य नाही. मिरचीच्या एकाच फुलात दोन्ही असतात, आणि फळाला नर-मादी असं काही नसतं. बिया चारवालीतही असतात, तीनवालीतही. गोडी ठरते ती पिकण्यावर. हिरवी ढोबळी म्हणजे कच्चं फळ. तीच झाडावर राहिली की जातीप्रमाणे लाल किंवा पिवळी होते, जास्त दिवस राखावी लागते, म्हणून महागही पडते. हिरवीत तो कोवळा, किंचित कडसर वास असतो आणि लालमध्ये गोडवा. सुपाला दोन्ही लागतात. आमच्याकडे लाल रोज मिळत नाही. नुसत्या हिरव्या असतील तर गूळ थोडा वाढवायचा, बस्स.

कापायची पद्धत भावोजींकडून शिकले. मिरची देठावर उभी धरायची आणि चारही गाल सुरीने वरून खाली उतरवायचे. मधला कोंब बियांसकट आख्खा हातात राहतो, ओट्यावर एक बी सांडत नाही. गालांच्या आतल्या पांढऱ्या शिरा सुरी आडवी धरून काढून टाका. त्यांना चव नसते, असली तर कडू.

आता दोन ढीग करा. दोन हिरव्या आणि एक लाल, ह्यांचे नखाएवढे बारीक तुकडे. उरलेली एक हिरवी, एक लाल, ह्यांचे अंगठ्याच्या पेराएवढे चौकोनी तुकडे. दोन वेगळ्या ताटल्यांत ठेवा, एकत्र करू नका.

खिमा

तिकडे हे सूप बीफच्या खिम्याचं करतात. आपल्याकडे बोकडाचा. बोकडाच्या खिम्यात चरबी कमी असते आणि तो शिजायला वेळही जास्त घेतो, हे दोन्ही ध्यानात ठेवायचं. दुकानात सांगताना मटण आधी निवडा, त्यात थोडी चरबी राहू द्या, आणि मशीनमधून एकदाच काढा म्हणावं. दोनदा काढलेला खिमा कबाबाला छान, सुपात मात्र त्याचा रवाळपणा जातो आणि मऊ गोळे होतात.

धुण्याबद्दल. आपल्याकडे न धुता मटण टोपात टाकणं कुणालाच पटत नाही, मलाही नाही. पण धुवायचं ते खिमा काढण्याआधी. खिमा झाल्यावर धुतला तर तो स्पंजासारखा पाणी पितो. धुवावाच लागला तर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, वरून मूठभर-मूठभर घट्ट पिळा.

परतायला लोखंडी कढई किंवा जाड बुडाचा टोप घ्या. नॉनस्टिकमध्ये हे जमत नाही, तळाला काही धरतच नाही, आणि आपल्याला ते धरायला हवंय. कढई चांगली तापू द्या. चमचाभर तेल. अर्धाच खिमा पसरा आणि हात मागे घ्या. चार मिनिटं कालथा लावायचा नाही.

हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला सतत ढवळायची सवय. पण घडतं काय ते बघा. आधी खिम्यातून करडं पाणी सुटेल आणि चरचर मंदावेल. त्या वेळी कढईत पाणी आहे, म्हणजे खिमा उकडतोय, परततोय असं नव्हे. पाणी आहे तोवर भांड्यातली उष्णता शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आणि मांसाला तो तपकिरी रंग आणि खमंगपणा यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. गॅस मोठाच ठेवा. पाणी आटलं की आवाज बदलतो, चरचर पुन्हा कोरडी, तिखट ऐकू येते. तेव्हा एका कडेने उलटून बघा. खालची बाजू भाजलेल्या कॉफीच्या रंगाची झाली असेल तर उलटा, फोडा, आणखी दोन मिनिटं ठेवा आणि काढून घ्या. मग दुसरा अर्धा. सगळा एकदम घातला तर पाणी इतकं सुटतं की गॅस कितीही मोठा करा, खिमा उकडूनच निघतो. अर्धा चमचा मीठ ह्या काढलेल्या खिम्यावर आताच भुरभुरवा.

कोंबडीचा खिमा घेतला तर तो असा लाल होत नाही, लवकर कोरडा पडतो. तीन-चार मिनिटं परता आणि पुढे सांगितलेल्या वेळेऐवजी शेवटच्या पंधरा मिनिटांतच रसात घाला.

रस आणि भात, सकाळीच

खाटकाकडून खिम्याबरोबर अर्धा किलो हाडं मागून आणा, शक्य तर नळ्या. कुकरमध्ये पावणेदोन लिटर पाण्यात घालून आधी उघडीच उकळा. वर करडा फेस येईल तो पळीने काढत राहा, पाच-सात मिनिटं. मग दहा मिरे, अर्धा कांदा, आणि झाकण. एक शिटी झाली की गॅस मंद करून चाळीस मिनिटं. मीठ नको. गाळून घेतलं की दीड लिटरच्या आत-बाहेर रस मिळतो. तयार क्यूब वापरायचे तर ते मुळातच खारट असतात, मग सुपात मीठ अगदी शेवटी चाखून. आणि हाडं मिळालीच नाहीत तर? पेज आहे ना.

आता तो भाताचा नियम. पहिल्यांदा मी एकटीने हे सूप केलं तेव्हा आगाऊपणा केला. खिमा, टोमॅटो, रस, सगळं घातल्यावर वाटीभर कोलम तसाच टोपात ओतला. दुपारी बरं लागलं. संध्याकाळी झाकण काढलं तर सूप गायब. डाव उभा राहत होता. करायला गेले सूप आणि झाला गुरगुट्या भात, तोही टोमॅटोचा. तांदूळ शिजल्यावरही रस पीतच राहतो, आणि कोलमचं शीत तासाभरात फुटतं.

उकडा तांदूळ हे त्यावरचं आपल्याकडचं उत्तर आहे. भावोजींना जहाजावर तो मिळत नाही, म्हणून ते लांब दाण्याचा वापरतात. भात सालासकट उकडून, वाळवून, मग कांडला की उकडा होतो. त्या उकडण्यात दाण्यातलं पिठूळ आतल्या आत घट्ट बसतं, म्हणून शीत मऊ होतं पण फुटत नाही. पेजेत तासन् तास राहूनही उकड्याचं शीत वेगळं दिसतं, ते ह्यामुळेच. घाटावरच्या पाहुण्यांना त्याचा वास उग्र वाटतो. सुपात तो कळतही नाही.

तांदूळ अर्धा तास भिजवा. सहापट पाण्याचं आधण ठेवून त्यात वैरा आणि मोकळाच शिजवा. पंचवीस-तीस मिनिटं लागतात, गावठी लाल असेल तर जास्त. एक शीत बोटांत चिरडून बघा, मधे टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका राहिला असेल तेव्हाच चाळणीत ओता. भात परातीत पसरून गार करा, आणि लगेच वाढायचा नसेल तर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. खालची पेज फेकायची नाही. एक वाटी सुपासाठी बाजूला ठेवा, बाकीची मीठ घालून, लोणच्याची फोड लावून पिऊन टाका. स्वयंपाक करणाऱ्याचा तेवढा हक्क आहे.

टोमॅटो

पावसाळ्यातला टोमॅटो पाणचट आणि आंबट असतो. सोलण्यासाठी उकळत्या पाण्यात टाका, साल काढा, हे सगळं खरं, पण सोपा उपाय किसणी. टोमॅटो आडवा अर्धा कापून कापलेली बाजू किसणीवर घासायची. गर खाली पडतो, साल तळहातात राहते. पाऊण किलोचा साधारण अर्धा लिटर गर होतो. बाजारची प्युरी वापरली तर दोनशे ग्रॅम पुरे, ती आटवलेली असते.

आता टोप चढवा

खिमा ज्या कढईत परतला तिच्या तळाला तपकिरी खरवड धरली असेल. ती घासून टाकलीत तर अर्धी चव मोरीत गेली. त्याच कढईत, किंवा जाड टोपात परतला असेल तर त्यातच, उरलेलं तेल घाला, बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ. गॅस मध्यम. कांद्याला सुटलेल्या पाण्यात खरवड थोडी सैल होईल, कालथ्याने खरवडत राहा. आठ मिनिटांत कांदा मऊ आणि कडेने सोनेरी. मग ठेचलेली लसूण, एकच मिनिट. लसूण करपली तर तो कडूपणा शेवटपर्यंत जात नाही, मी गुळाने, नारळाच्या रसाने, सगळ्याने झाकून पाहिलंय.

बारीक चिरलेल्या मिरचीचा पहिला ढीग इथे घाला. दहा मिनिटं झाकण ठेवून मंद आचेवर. मधे दोनदा हलवा. मिरची पूर्ण बसली पाहिजे, तिचा कचकचीतपणा जाऊन ती कांद्यात मिसळली पाहिजे. ही मिरची दिसण्यासाठी नाही. ती सुपाचं अंग आहे, गोडवा आणि दाटपणा तिच्यातून येतो.

तिखट आणि मिरेपूड घालून अर्धं मिनिट. लगेच टोमॅटोचा गर. आता राहिलेली सगळी खरवड आपोआप सुटते, तळ स्वच्छ होतो, बघायला मजा येते. टोमॅटोचा कच्चा वास जाऊन कडेला तेल दिसू लागेपर्यंत, दहा-बारा मिनिटं शिजवा. कढईत केलं असेल तर आता सगळं टोपात काढा. लोखंडात टोमॅटो फार वेळ ठेवला की सूप काळपट होतं आणि चव धातूची येते.

खिमा परत घाला, त्याच्या ताटलीत सुटलेला रस पण. हाडांचा रस गरम करूनच ओता. गूळ घाला. एक उकळी आली की गॅस बारीक, झाकण तिरकं. बोकडाच्या खिम्याला पस्तीस ते चाळीस मिनिटं. घाई असेल तर कुकरमध्ये दोन-तीन शिट्या, पण मग दाटपणा नंतर उघड्यावर आटवून आणावा लागतो, म्हणजे घाई काही वाचत नाही.

पानओव्याचं आता सांगते. मूळ सुपात ओरेगॅनो असतो. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतील तर त्या इथे खपवा, दोन पुरेत. पण आमच्या पडवीच्या कडेला पानओवा बारा महिने माजलेला असतो, ती जाड, लवदार पानं, भज्यांना वापरतो ती. त्याचा वास ओरेगॅनोच्या इतका जवळ जातो की भावोजींनी पान चुरगाळून नाकाला लावलं आणि हसलेच. दोघांत वास देणारं तेल बरंचसं एकच आहे. तीन-चार पानं बारीक चिरून शेवटच्या दहा मिनिटांत घालायची. जास्त घातलीत तर पोटदुखीच्या काढ्यासारखं लागतं.

त्याच वेळी मिरचीचा दुसरा ढीग. झाकण काढून टाका. टोमॅटोच्या आंबटात हिरवी मिरची फार शिजली की तिचा हिरवा रंग शेवाळी होतो, आणि तो कोवळा वास उडून जातो. उघड्यावर दहा मिनिटं, फार तर बारा. तुकडा दाताखाली दबला पाहिजे पण आकार सोडता कामा नये. पहिल्या ढिगातल्या मिरचीने गोडवा दिला, ह्या ढिगातली मिरची चावताना कळते. एकाच वेळी सगळी घातली तर ह्यातलं एक हमखास जातं.

आता चाखा. मीठ बहुतेक कमीच असेल, कारण आतापर्यंत आपण हात राखून घातलंय. पातळ वाटलं तर बाजूला ठेवलेली पेज घालून पाच मिनिटं उकळा. कॉर्नफ्लोअरची गरज नाही. मिरचीची गोडी जास्त आणि टोमॅटो बेताचाच आंबट असेल तर दोन आमसुलं टाका, पाच मिनिटांनी काढून घ्या. विसरलात तर त्याचं सार होतं.

वाढताना वाडग्यात आधी तीन-चार चमचे भात, त्यावर उकळतं सूप. भात गार असला तरी चालतो.

घरातले वाद

सासूबाईंचं म्हणणं, खिमा आहे, रस आहे, मग कांदा-खोबऱ्याचं वाटप का नाही? एकदा तसं करून बघितलं. उत्तम खिम्याचा रस्सा झाला, सगळ्यांनी ताट चाटलं. पण मिरची कुठे गेली ते कुणाला कळलं नाही. खोबरं आणि गरम मसाला इतके जोरकस की ढोबळीसारख्या मऊ चवीला ते बोलूच देत नाहीत. मालवणी मसाला घालायचाच तर तिखटाऐवजी अर्धा चमचा, त्याहून नको.

नारळाचा रस मात्र चालतो. अर्धी वाटी दाट रस, गॅस बंद केल्यावर. आंबट सुपात नारळाचा रस घालून खळखळून उकळलं की तो फाटतो, वर पांढरे कण तरंगतात. चवीला तसा फरक पडत नाही, दिसायला वाईट. मुलांना तिखट लागत असेल तर हा सगळ्यात चांगला उतारा.

तिरफळ घालू नका. मी घातलं होतं. तिरफळाची ती जिभेला झिणझिण्या आणणारी चव बांगड्याच्या तिखल्यासाठी आहे. सुपात घातल्यावर घरातल्या प्रत्येकाने टोपात डोकावून मासा शोधला.

श्रावण लागला की

खिमा बंद. तेव्हा काळे वाटाणे. सांबाऱ्याला वापरतो तेच, एक मोठी वाटी, दहा-बारा तास भिजवून. कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवून घ्या, टोमॅटोत घालण्याआधी. हे महत्त्वाचं, कारण आंबटात कडधान्याचं साल मऊ पडत नाही. अर्धवट शिजलेला वाटाणा टोमॅटोच्या रसात टाकला तर तासभर उकळूनही टणकच राहतो. निम्मे वाटाणे डावाने ठेचा, निम्मे अख्खे ठेवा. शिजलेलं पाणी हाच तुमचा रस, काळपट दिसेल पण चव दमदार. श्रावणात लसूण-कांदाही वर्ज्य असेल तर हिंग आणि थोडं आलं.

सोयाबीनचा चुरा घेणाऱ्यांनी तो भिजवून अक्षरशः कोरडा होईपर्यंत पिळावा आणि खिम्यासारखाच तापल्या कढईत लाल करावा. न पिळता घातला तर ओल्या पुठ्ठ्याची चव येते. फाल्गुनात फणसाची कोवळी कुयरी मिळाली तर उकडून, ठेचून तिचं सूप करा. सगळ्या शाकाहारी प्रकारांत मला तेच खिम्याच्या सर्वांत जवळचं वाटलं.

उरलं तर

हे सूप दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, म्हणून मी मुद्दामच जास्त करते. पण आमच्या हवेत ते ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही. उतरवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि गरम टोप तसाच आत ठेवला तर मधलं सूप पहाटेपर्यंत कोमटच राहतं. दोन पसरट भांड्यांत काढा, परातीत पाणी घालून त्यात ती भांडी ठेवा, ढवळत राहिलात तर वीस मिनिटांत निवतं.

भाताला हा नियम जास्तच कडक. शिजलेला भात उबदार हवेत राहिला की त्यात वाढणाऱ्या जंतूंपैकी एकाचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. "उकळून घेतलं की झालं" हे भाताच्या बाबतीत खरं नाही. भात वेगळ्या डब्यात, तोही लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. नुसतं सूप तीन दिवस राहतं, फ्रीझरमध्ये दोनेक महिने. पावसात वीज जाते तेव्हा फ्रिजचं दार उघडू नका. बंद दारात चारेक तास थंडावा टिकतो. त्याहून जास्त वेळ गेली तर खिम्याच्या पदार्थाचा मोह धरू नये.

दुसऱ्या दिवशीच्या सुपाबरोबर पाव चालतो, पण आमच्याकडे घावणे होतात. सूप थोडं आटवून घट्ट करायचं, त्यात खळगे करून माणशी एक अंडं फोडायचं, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं, पांढरं पक्कं आणि पिवळं घट्टसर होईपर्यंत. जाळीदार घावण्याने ते पिवळं फोडून घ्यायचं.

सासूबाईंनी त्या दिवशी दोन घावणे संपवले, तिसरा घेतला, वाडगा पुसला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरा झाला गे. पण ह्याका सूप कित्याक म्हणतंस? रस्सो म्हण."